वावडें, बिब्बा आणि गाजरगवत

मराठींत ‘वावडें’ हा एक जुना आणि घरगुती शब्द आहे. एखाद्याला वांग्याचें वावडें असतें, एखाद्याला मासळीचें. पंगतींत पन्नास माणसें एकच पदार्थ खातात. एकोणपन्नास ढेकर देऊन उठतात आणि पन्नासाव्याच्या अंगावर गांध्या उठून त्याचे ओठ सुजतात. दोष पदार्थांत नाहीं, वाढणाऱ्यांतहि नाहीं. तो त्या पदार्थाच्या आणि त्या एका माणसाच्या नात्यांत आहे, एवढें या शब्दानें अचूक पकडलें आहे. पाश्चात्त्य वैद्यकाला हीच गोष्ट शब्दांत धरण्यास १९०६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं ‘ॲलर्जी’ हा शब्द बनविला. ‘अन्य’ आणि ‘क्रिया’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. एखाद्या पदार्थाची एकदां भेट झाल्यावर पुढील भेटींत शरीरानें निराळ्याच रीतीनें वागावें, हा त्यांतील आशय. आपल्या कोशकारांनीं त्यास ‘अधिहर्षता’ असा प्रतिशब्द योजिला. तो ग्रंथांतच राहिला. लोकांनीं ‘ॲलर्जी’ उचलली आणि वावडें मागें पडलें. हें जरा दुर्दैवाचेंच म्हणावें लागेल, कारण ज्याला वावडें म्हणजे काय हें कळतें त्याला ॲलर्जीविषयीं निम्मेंअधिक आधींच कळलेलें असतें.

आयुर्वेदालाहि ही कल्पना अपरिचित नव्हती. चरकसंहितेंत ‘सात्म्य’ आणि ‘असात्म्य’ असा भेद वारंवार येतो: जें ज्याच्या प्रकृतीस मानवतें तें सात्म्य, न मानवेल तें असात्म्य. माधवनिदानांत शीतपित्त, उदर्द व कोठ यांना स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे आणि त्यांतील वर्णन वाचल्यावर आजच्या डॉक्टरलाहि रोग ओळखण्यास अडचण पडूं नये. सामान्य लोक ज्याला ‘अंगावर पित्त उठणें’ म्हणतात तें हेंच. पोटांतल्या पित्ताशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें मात्र येथें सांगून ठेवलें पाहिजे; केवळ नांवावर जाऊन रेचक घेणारीं माणसें अजून आढळतात. घरोघरीं यावर आमसुलें पाण्यांत कुसकरून तें पाणी अंगाला चोळीत. त्यानें त्वचेला गारवा येतो व खाज कांहींशी शमते. पित्त कशानें उठलें हें शोधण्याचें काम त्यानें होत नाहीं.

परंतु वावड्याचा खरा धडा महाराष्ट्रास शिकविला तो बिब्ब्यानें. सोलापूर जिल्ह्यांत अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या वाटेवर मैंदर्गी हें गांव आहे. कर्नाटकाची सीमा तेथून जवळ, आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषा गांवाच्या कानाला सारख्याच परिचयाच्या. अशा गांवांतून पूर्वीं सुया, पोत व बिब्बे विकणाऱ्या बाया दारोदार हिंडत, आणि बिब्बा नाहीं असें घर क्वचितच असे. टाचेच्या भेगांत त्याचें तेल भरावें, पायांत कांटा मोडला तर त्याचा चटका द्यावा, बाळंतिणीला त्याच्या बियांतील गोडांबीचे लाडू द्यावे, दृष्ट लागूं नये म्हणून लिंबू-मिरचीबरोबर तो दाराला बांधावा. आयुर्वेदांत भल्लातक या नांवानें त्याची गणना रसायनांत होते. आणि हाच बिब्बा कांहीं जणांना ‘उतत’ असे.

त्याचें दाट तेल कोणाचीहि त्वचा पोळूं शकतें, ती गोष्ट निराळी. उतणें म्हणजे ज्या अल्पशा स्पर्शानें इतरांना कांहींच होत नाहीं त्या स्पर्शानें एखाद्याला दोन दिवसांनीं लाली यावी, फोड यावे, पाणी वाहावें, आणि तेल न लागलेल्या चेहऱ्यावरहि सूज दिसावी. शेजारच्या घरीं बिब्बे भाजले आणि त्याचा धूर अंगावरून गेला तरी अशा माणसाला तेवढें पुरे होई. म्हणून घरांत बिब्बा फोडावयाचा असला कीं ज्याला तो उततो त्याला आधीं बाहेर पाठविण्याचा रिवाज होता. तीळ व खोबरें हा त्यावरचा गांवठी उतारा. या रिवाजांत रोगाची जाण आणि त्यावरचा मुख्य उपाय असें दोन्ही आलें आहे: कोणाला उततो हें ओळखावें आणि त्याला त्या पदार्थापासून दूर ठेवावें. पुढें एक शतकभर प्रयोगशाळांतून जें काम झालें त्यानें या उपायाला पुष्कळ जोड दिली, पण त्याला त्याच्या पहिल्या जागेवरून हलविलें नाहीं.

धोबी कपड्यावर खूण करण्यास याच बिब्ब्याचा रस वापरीत, कारण ती खूण कितीहि धुतली तरी जात नाहीं. वनस्पतिशास्त्रांतील त्याच्या ‘सेमेकार्पस’ या नांवाचा अर्थच ‘खुणेचें फळ’ असा आहे. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर खाजरे चट्टे उठूं लागले. लष्करी डॉक्टरांनीं शोध केला तेव्हां हे चट्टे बरोबर कपड्यावरील धोब्याच्या खुणेखालीं येतात असें आढळलें, आणि १९४३ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. अमेरिकेच्या रानांत ‘पॉयझन आयव्ही’ म्हणून एक वेल होते; बिब्बा, आंबा, काजू व ती वेल हीं सर्व एका कुळांतलीं. घरीं त्या वेलीनें ज्यांना उतलें होतें त्यांना परमुलुखांतील बिब्बाहि उतावा यांत नवल नव्हतें. आंब्याचा चीक लागून ज्यांचे ओठ फुटतात त्यांचेंहि दुखणें याच गोत्रांतलें.

शरीर अशी ओळख ठेवतें तरी कशी, हें समजण्यास युरोपला शंभरांवर वर्षें लागलीं. १८१९ सालीं लंडनमध्यें डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनीं, दर उन्हाळ्यांत आपल्याला येणाऱ्या शिंका, डोळ्यांची आग आणि दम यांचें वर्णन वैद्यकसभेपुढें वाचलें. तसे आणखी रोगी ते शोधूं लागले, तर १८२८ पर्यंत त्यांना २८ च सांपडले. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकले यांनाहि हीच व्याधि होती. ती गवताच्या परागानें होते हें त्यांनीं १८७३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें; त्यासाठीं स्वतःच्या नाकांत, डोळ्यांत व त्वचेवर पराग लावून पाहिले, आणि उंच हवेंत ते असतात कीं नाहीं हें पाहण्यास चिकट कांचा बांधून पतंग उडविले. वैद्यकाच्या इतिहासांत पतंगाचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केला असेल असें वाटत नाहीं.

फ्रान्समध्यें शार्ल रिशे व पोल पोर्तिए यांना निराळाच अनुभव आला. समुद्रांतील प्राण्यांच्या विषाची कुत्र्यांना थोडीथोडी संवय करावी असा त्यांचा बेत होता. पहिली मात्रा पचविलेला कुत्रा कांहीं आठवड्यांनंतर दिलेल्या अगदीं अल्प मात्रेनें थोड्याच वेळांत मेला. संवयीनें संरक्षण मिळावयाचें तें उलट घातच झाला. १९०२ सालीं त्यांनीं या घातक प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हें नांव दिलें आणि १९१३ सालीं रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मग १९२१ सालीं जर्मनींत प्राउस्निट्स आणि क्यूस्टनर या दोघांनीं एक सोपा पण धाडसाचा प्रयोग केला. क्यूस्टनर यांना शिजविलेल्या मासळीचें वावडें होतें. त्यांच्या रक्ताची लस प्राउस्निट्स यांनीं आपल्या त्वचेंत टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं मासळीचा अर्क टोचला. लागलीच गांधी उठली. एकाचें वावडें दुसऱ्याच्या कातडींत उतरलें होतें. म्हणजे रक्तांतच कांहीं द्रव्य असलें पाहिजे. तें सांपडावयास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९६६ सालीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें, आणि स्वतंत्रपणें स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिक यांनीं पुढील वर्षीं, तें हुडकून काढलें. १९६८ पासून त्याला ‘आयजीई’ असें म्हणतात.

हें द्रव्य म्हणजे शरीराच्या संरक्षक दळांतील एक पहारेकरी समजावा. एखाद्या निरुपद्रवी परागाला तो शत्रु समजून चुकला कीं त्या परागाची खूण घेऊन नाकांतील, श्वासनलिकेंतील व त्वचेंतील ‘मास्ट’ नांवाच्या पेशींवर बसून राहतो. पराग पुन्हा आला कीं त्या पेशी हिस्टामिन वगैरे द्रव्यें एकदम सोडतात. शिंका, गांध्या, दम हा सर्व त्याचा परिणाम, आणि तो मिनिटांत दिसतो. बिब्ब्याची तऱ्हा वेगळी. तेथें रक्तांतील पांढऱ्या पेशीच स्वतः चालून येतात आणि त्यांना जमण्यास एक-दोन दिवस लागतात. म्हणून पहिल्या जातीची परीक्षा त्वचेवर अर्क टोचून पंधरा-वीस मिनिटांत होते, तर दुसरीसाठीं संशयित पदार्थाची पट्टी पाठीवर चिकटवून दोन दिवस थांबावें लागतें. ही पट्टीची परीक्षा योसेफ याडासोन यांनीं १८९५ सालीं प्रथम मांडली. घरांतील धुळीचें वावडें पहिल्या जातीचें. त्यांतील खरा अपराधी धूळ नसून गाद्या-उशांत राहणारा, डोळ्याला न दिसणारा एक किडा आहे, हें हॉलंडमधील शास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखविलें. गाद्या उन्हांत टाकण्याची आपली जुनी चाल त्या किड्याला मानवत नाहीं.

इशिझाका दांपत्यानें ज्या रोग्यांचें रक्त तपासलें त्यांना ‘रॅगवीड’ या अमेरिकन तणाचें वावडें होतें. या रॅगवीडचें एक भावंड त्याच्या आधींच महाराष्ट्रांत येऊन पोंचलें होतें. १९५५ च्या सुमारास पुण्यांत उकिरड्यांवर, गाजरासारख्या पानांचें आणि बारीक पांढऱ्या फुलांचें एक अनोळखी रोप दिसूं लागलें. आर. एस. राव यांनीं १९५६ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्याची भारतांतील नवी वनस्पति म्हणून नोंद केली. पार्थेनियम हें त्याचें शास्त्रीय नांव. लोकांनीं त्याला गाजरगवत म्हटलें, चटकचांदणी म्हटलें, आणि पांढऱ्या फुलांना पांढऱ्या टोप्या समजून काँग्रेस गवतहि म्हटलें. मैंदर्गीकडे कन्नड बोलणाराहि त्याला ‘काँग्रेस गिडा’च म्हणतो, म्हणजे या एका बाबतींत सीमावाद उरलेला नाहीं. वास्तविक तें गवत नव्हेच. सूर्यफूल, शेवंती यांच्या कुळांतील तें झुडूप आहे.

हें तण अमेरिकेच्या ‘पी.एल. ४८०’ योजनेच्या गव्हांतून आलें, असें शाळेंतील मुलगाहि सांगतो. तारखा लावून पाहिल्या तर गोष्ट इतकी सरळ उरत नाहीं. तो कायदा अमेरिकेंत १९५४ सालीं झाला आणि भारताशीं त्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्यें. पुण्याचे उकिरडे तर त्याआधींच फुलले होते. त्यापूर्वीं १९५१ सालीं भारताला अमेरिकेकडून गहूं कर्जाऊ मिळाला होता. बीं त्यांतून आलें असणें शक्य आहे. शिवाय १८१४ सालीं श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत छापलेल्या, कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या रॉक्सबर्गकृत यादींत या वनस्पतीचें नांव आढळतें. ती यादी छापून काढणारे विल्यम केरी म्हणजे १८०५ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध करणारे तेच. तेव्हां रोप एकदां बागेंत येऊन गेलें आणि पुन्हा दीडशें वर्षांनीं मोकाट सुटून आलें, असें म्हणणें अधिक सुरक्षित. कसेंहि आलें असो, एका झाडाला पंधरा हजारांवर बिया धरतात, आणि ओल मिळाली कीं महिना-दीड महिन्यांत तें फुलावर येतें. वि. द. वर्तक यांनीं १९६८ सालींच, महाराष्ट्रांतील पिकांना व गवती रानांना याचा धोका आहे, असा इशारा दिला होता.

माणसाला असलेला धोका त्याच सुमारास पुण्यांतील त्वचारोगाच्या दवाखान्यांत दिसूं लागला. उघड्यावर काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणींत इसबासारखा विकार येई. पावसाळ्यांत गवत वाढलें कीं बळावे. पुण्याचे डॉ. लोणकर यांनीं मिचेल व कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसह १९७४ सालीं या रोगाचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. झाडावरील सूक्ष्म लवेंत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. त्यामुळें हें वावडें बिब्ब्याच्याच जातीचें असून बिब्ब्याहून वाईट ठरलें. बिब्बा फोडतांना माणसाला घराबाहेर पाठवितां येत होतें. येथें बाहेरची हवाच दूषित झाली. ज्याचें पोट शेतावर त्याला दूर कोठें पाठवावयाचें?

याचा भार कोणावर पडला हें पाहण्यासारखें आहे. मैंदर्गीच्या शिवारांत ज्वारी, तूर, हरभरा हीं पिकें. बांधावर, पाटाच्या कडेला, पडीत रानांत गाजरगवत. निंदणी-खुरपणीला जाणारें माणूस रोजंदारीचें असतें. चेहरा सुजला, कातडी जाड व काळवंडलेली झाली, कपाळावर घड्या पडल्या, कीं तो चेहरा महारोग्याच्या चेहऱ्यासारखा दिसूं लागतो. त्वचारोगाच्या ग्रंथांतूनहि या साम्याची नोंद आहे. गांवाला तेवढें पुरे होतें. वस्तुतः हा रोग एकापासून दुसऱ्याला कधींच होत नाहीं. त्या माणसाच्या हातचें पाणी प्यावें, त्याच्या ताटांत जेवावें, त्याचें मूल कडेवर घ्यावें. कांहीं होत नाहीं. बिब्बा उतलेल्या माणसाला ज्या गांवानें कधीं वाळींत टाकलें नाहीं, त्या गांवाला ही गोष्ट पटवून देणें फारसें अवघड जाऊं नये.

उपचारांचा इतिहासहि थोडा पाहिला पाहिजे, कारण कोणत्या वावड्याला कोणतें औषध हा घोटाळा फार होतो. १९०१ सालीं जपानी रसायनज्ञ ताकामिने यांनीं ॲड्रिनलिन शुद्ध रूपांत काढलें. मधमाशी चावून, एखादें इंजेक्शन घेऊन किंवा कांहीं खाऊन एकाएकीं घसा आवळतो, दम कोंडतो, माणूस घेरी येऊन पडतो, तेव्हां प्राण वाचविणारें पहिलें औषध आजहि हेंच आहे. तेथें आमसूल, लिंबू, अंगारा यांत घालविलेलें प्रत्येक मिनिट घातक असतें. पेनिसिलिनसारखें औषध एकदां बाधलें असेल त्यानें तें नांव कागदावर लिहून जवळ बाळगावें व प्रत्येक डॉक्टरला आधीं दाखवावें. हिस्टामिनला अडविणारें पहिलें द्रव्य १९३७ सालीं दानिएल बोव्हे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पॅरिस येथें शोधलें. त्यांना १९५७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पित्त उठणें व शिंका यांवर त्या जातीच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात. गाजरगवताच्या विकारांत खाजेपलीकडे त्यांचा फारसा उपयोग नाहीं. जुन्या गोळ्यांनीं झोंप येते, म्हणून त्या घेऊन यंत्रावर किंवा वाहनावर बसूं नये.

दम्यासाठीं आपल्याकडे धोतऱ्याची धुरी घेत. मद्रासकडील ही रीत १८०२ सालीं एका इंग्रज सेनाधिकाऱ्यानें विलायतेस नेली आणि तेथें पुढें धोतऱ्याच्या विड्याच विकूं लागल्या. धोतरा विषारी, त्यामुळें ती वाट आतां बंद झाली. १९७२ पासून श्वासावाटे ओढावयाचें स्टेरॉइड प्रचारांत आलें आणि नियमितपणें घेतल्यास बहुतेक दमेकऱ्यांचें जीवन त्यानें पालटतें. त्याची ‘संवय लागते’ ही समजूत खोटी आहे. परागाची थोडी थोडी मात्रा टोचून वावडें कमी करण्याची पद्धति लंडनच्या लेनर्ड नून यांनीं १९११ सालीं सुरू केली. ती तज्ज्ञाच्या हातींच करावयाची. गाजरगवताच्या रोग्याला लावण्यास स्टेरॉइडचें मलम देतात, आणि विकार जुनाट असला तर ॲझाथायोप्रिन नांवाचें औषध देतात. भारतीय डॉक्टरांनीं याचा अनुभव १९९८ सालीं प्रसिद्ध केला. तें घेतांना रक्त वरचेवर तपासावें लागतें. बाजारांतून नांव न सांगतां दिलेल्या पुड्यांत अनेकदां पोटांतून घेण्याचें स्टेरॉइड असतें. चार दिवस चेहरा उजळतो आणि पुढें हाडें, साखर व रक्तदाब यांचें दुखणें मागें लागतें. अशा रोग्यानें शेवंतीचे हारहि जपूनच हाताळावे, कारण कूळ एकच.

गवत उपटावें हा उपाय सर्वांना सुचतो. फुलावर येण्यापूर्वीं, पावसानें माती मऊ असतांना, मुळासकट उपटलें तर तो उपयोगी पडतो. पण मोहिमेच्या दिवशीं तें उघड्या हातांनीं उपटावयास बहुधा त्याच मजूर बाया उभ्या केल्या जातात, हें शहाणपणाचें नाहीं. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडावर फडकें आणि घरीं जातांच साबणानें स्नान एवढें तरी त्यांना मिळावें. आणि ज्यांना एकदां उतलें आहे त्यांना त्या कामावर लावूंच नये.

कीटकाकडून काम करून घेण्याचाहि प्रयत्न झाला. मेक्सिकोंतून आणलेला एक पट्टेदार भुंगा बंगळूर येथें भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें १९८४ सालीं सोडला. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताचीं पानें खाऊन झाडाचा नुसता सांगाडा ठेवतात. कांहीं वर्षांनीं तो कर्नाटकांत सूर्यफुलावर दिसला तेव्हां शेतकऱ्यांत घबराट झाली आणि सरकारला चौकशी समिति नेमावी लागली. पुढें प्रयोगांत असें दिसलें कीं गाजरगवताचा पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडला असेल तर तो तीं पानें खातो, पण सूर्यफुलावर त्याची वीण वाढत नाहीं. पाऊस पडला कीं हे भुंगे जमिनींतून वर येतात आणि श्रावण-भाद्रपदांत त्यांचें काम जोरांत चालतें. पाऊस सरल्यावर ते पुन्हा मातींत शिरून निजतात. त्या महिन्यांत पाटाच्या कडेला, जेथें ओल टिकते तेथें, गाजरगवताला नवीं फुलें येत असतात.